खातेपालट

वर्तमानपत्रात ‘खातेवाटप’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दिसला, की मला भाजणीच्या चकल्यांचा वास येतो. यात वर्तमानपत्राचा दोष नाही आणि माझ्या नाकाचाही नाही. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात दर वर्षी पाडव्याच्या सकाळी खातेवाटप होई, आणि ते जाहीर करणारी आजी त्या वेळी चकल्यांच्या डब्यात कागद घालून झाकण घट्ट बसवीत असे. व्यापारी नवी वही घालतात तो दिवस, म्हणून तिने तो निवडला असावा. झाकण बसले की ती पदराला हात पुशी आणि म्हणे, “हं, आता ऐका गं सगळ्या.” पुढे मी पुष्कळ मंत्रिमंडळे पाहिली, म्हणजे लांबूनच पाहिली, पण राजभवनातला कोणताही शपथविधी मला त्या झाकणाच्या आवाजाइतका गंभीर वाटलेला नाही.

घरात आम्ही अकरा माणसे. आजी, माझे वडील म्हणजे अण्णा, धाकटे नानाकाका, आई, काकू, आम्ही दोन्हीकडची मिळून पाच पोरे, आणि आजोबांचे धाकटे भाऊ बापूआजोबा. आजोबा मी पाहिले नाहीत. ते गेल्यापासून घराचा कारभार आजीकडे होता आणि तो तिने दोन सुनांत वाटून दिला होता. स्वयंपाक एकीकडे, कोठी दुसरीकडे. दूधदुभते एकीकडे, देवघर दुसरीकडे. आल्यागेल्याची सरबराई आणि पोरांचे अभ्यास हे असेच इकडून तिकडे फिरत. यात कोठी हे खाते सर्वांत वजनदार. गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती एका ठिकाणी केली तर जे होईल, ते आमच्याकडे कोठी. तांदूळ, गूळ, साखर, तेलाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि आजीच्या लुगड्यांची पेटीही त्याच खोलीत. तिच्या किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला असेल तिची चाल बदले. आम्हां पोरांना त्या आवाजावरून कळे की कोण येते आहे आणि मागितले तर काय मिळेल.

बाकीची पदेही आमच्याकडे होती. बापूआजोबा बिनखात्याचे मंत्री. त्यांना मान सर्वांत मोठा, पाट पहिला, आणि काम एकच, ते म्हणजे रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणे. ते काम त्यांनी एकही रविवार चुकवले नाही, आणि कोणी दुसऱ्याने घड्याळाला हात लावला तर ते दोन दिवस जेवताना बोलत नसत. माझी थोरली बहीण राज्यमंत्री होती. तिच्याकडे धाकट्यांचे पाढे होते, पण चुकले तर मारायचा अधिकार नव्हता. इस्लामपूरची आत्या पालकमंत्री. वर्षातून दोनदा येई, सगळ्याची पाहणी करी, दोन सूचना देऊन जाई, आणि त्या सूचना ती एस. टी. त बसेपर्यंत पाळल्या जात. आणि नाराजी? वर्तमानपत्रे हल्ली ‘अमुक नेते नाराज, संपर्काबाहेर’ असे छापतात, तेव्हा वाचणारे दचकतात. आमच्याकडे याला रुसणे म्हणत. आत्या रुसली की माडीवर जाऊन बसे. तिचा संपर्क तुटे तो चहाच्या वेळेपर्यंत.

ही गंमत मी सांगतो आहे खरी, पण आजीचे खातेवाटप गमतीचे नव्हते. दर पाडव्याला ती खाती का पालटते हे मला लहानपणी कळत नसे. आईच्या हातचा स्वयंपाक चांगला, मग तिला तिथून काढून कोठीवर का घालायचे? काकूला हिशेब चांगला, मग तिला दूध का? आता वाटते, कामे कोण चांगली करील हा प्रश्न आजीपुढे दुसऱ्या नंबरचा होता. पहिला प्रश्न, कोणाला आपण या घरात उपरे आहोत असे वाटू लागले आहे का, हा. ज्या सरकारात एकाहून अधिक पक्ष असतात त्याच्या प्रमुखालाही याच क्रमाने विचार करावा लागतो, आणि बाहेरच्या शहाण्यांना तो कारभाराचा खेळखंडोबा वाटतो. तसा तो पुष्कळदा असतोही. पण नेहमी नव्हे.

१९७५ सालची गोष्ट. नानाकाका शाळेत मास्तर होते आणि पक्के समाजवादी. अण्णा पक्के काँग्रेसवाले, त्यातही वसंतदादा पाटलांचे. दादांच्या साखर कारखान्यात ते हिशेबनीस होते, पण त्यांची भक्ती त्याहून जुनी. २४ जुलै १९४३ रोजी दादा आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून निसटले, दादांना गोळी लागली, तेव्हा अण्णा दहा वर्षांचे होते. त्या दिवशी गावात उडालेली धावपळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि ती सांगताना त्यांचा चहा हमखास गार होई. दोघा भावांचे वाद रोज चालत, पण ते जेवणानंतर, सुपारी कातरता कातरता. आजी म्हणे, “सुपारी संपली, भांडण संपवा.” आणि ते खरोखर संपे.

आणीबाणी आली. नानाकाकांनी त्या हिवाळ्यात सत्याग्रह केला आणि त्यांना येरवड्याला नेले. अकरा महिने ते तिथे होते. पगार बंद. काकू, तीन पोरे, धाकटा अजून अंगावर पिणारा. अण्णांना भावाचे राजकारण मुळीच पसंत नव्हते, पण त्यांनी एक शब्द काढला नाही. महिन्याच्या महिन्याला ते शेंगांचे लाडू घेऊन पुण्याला जात. त्या पोरांच्या फिया त्यांनी भरल्या, आमच्या आधी भरल्या.

आणि आजीने त्या वेळी पाडव्याची वाट पाहिली नाही. नानाकाकांना नेले त्याला आठवडा झाला असेल, तिने आईच्या कमरेचा जुडगा मागून घेतला आणि काकूच्या हातात दिला. आई गोरीमोरी झाली. काही चुकले का, म्हणून तिने विचारले. आजी म्हणाली, “चुकलं काही नाही. तिला आता रोज ताटावर बसताना वाटणार, आपण दुसऱ्याचं खातो. किल्ली कमरेला असली म्हणजे वाटायचं नाही.” हे तिने काकूच्या पाठीमागे सांगितले. मी भिंतीशी बसून पाटीवर गणित करत होतो, म्हणून मला कळले. मंत्रिमंडळातल्या फेरबदलाचे इतके नेमके विवेचन मी नंतर कोणत्याही अग्रलेखात वाचलेले नाही.

१९७७ त आणीबाणी गेली, नानाकाका त्याच्या आधीच घरी आले होते. दिल्लीत जनता पक्षाचे सरकार आले. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसू लागल्या. नानाकाका मुंबईला जाऊन आले की अण्णांना मुद्दाम विचारीत, “पाठ कशी आहे? आमच्या दंडवत्यांना कळवायचंय.” अण्णाही हसत. घरातली आघाडी शाबूत होती.

१९७८ च्या जानेवारीत काँग्रेस फुटली आणि फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, कारण अण्णांनी ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले होते आणि रोज रात्री ते त्यांची बेरीज करीत. काही केल्या १४५ होत नसत. शेवटी, महिन्याभरापूर्वी एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस अपक्षांची मदत घेऊन एकत्र आल्या. मार्चमध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाले, इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री मिळाला तो पहिल्यांदाच. या पदाचे नाव राज्यघटनेत नाही. शपथ घ्यायची ती मंत्री म्हणूनच. ‘उप’ हे अक्षर केवळ मानाचे. पण आघाडीच्या सरकारात मानाचे अक्षर हे फार वजनदार अक्षर असते, हे पुढच्या पन्नास वर्षांत आपण चांगलेच शिकलो.

ते सरकार पहिल्या दिवसापासून कुरकुरत चालले. तिरपुडे आपल्याच मुख्यमंत्र्यांवर आणि यशवंतराव चव्हाणांवर जाहीर टीका करीत, आणि अण्णा पेपर वाचून तो घडी न करताच टाकून देत. नानाकाकांना या गोष्टीचा आनंद लपवता येत नसे. मला ते फार आवडत, म्हणूनच सांगतो, की या प्रकरणात ते निर्दोष नव्हते. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला एक प्रकारची ऐट येते. तिच्यामुळे तो दुसऱ्याच्या दुःखाकडे हिशेबाच्या नजरेने पाहतो. सुपारी संपली तरी आता भांडण संपत नसे.

जुलै महिना. आषाढी नुकतीच होऊन गेली होती, कृष्णेला पाणी चढत होते, अंगणात शेवाळ. मुंबईत विधानसभेचे अधिवेशन चालू असतानाच शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह दादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. सरकार कोसळले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि इतर यांना घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार उभे राहिले, आणि १८ जुलै १९७८ रोजी पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वय अवघे ३७. पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात असा काही रुजला, की कोण कोणाबरोबर गेला आणि कोणापासून निघाला, तरी तोच काढून दाखवतात.

संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. अण्णा माजघरातल्या झोपाळ्यावर, झोका न घेता. नानाकाका बातम्या संपण्याआधीच उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, कोठीतली साखर काढ वाटीभर. पोरांच्या हातावर ठेव. आज आपलं सरकार आलं.”

काकूने कोठी उघडली. तिने काय विचार केला असेल ते मी पुष्कळदा मनाशी मांडून पाहिले आहे. नवऱ्याने सांगितले, तिने केले, एवढेच असावे. तिने आम्हां पाचही पोरांच्या हातावर चिमूटचिमूट साखर घातली. ती साखर कारखान्यातून अण्णांना मिळालेली. दादांच्या कारखान्याची साखर, दादांचे सरकार पडले म्हणून वाटलेली.

अण्णा झोपाळ्यावरून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाले, “खा, खा. अकरा महिने हीच साखर खाल्ली आहे. मी काही म्हटलं का तेव्हा?”

रेडिओवर पिकांचे भाव सुरू झाले. बापूआजोबा घड्याळाकडे पाहू लागले. नानाकाकांचे तोंड उघडले ते तसेच राहिले. काकू कोठीच्या दारात उभी होती. तिने वाटी खाली ठेवली, कमरेचा जुडगा सोडला, माजघर ओलांडून आजीपुढे आली आणि तो तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. “आई, माझ्याकडचं हे काढून घ्या,” एवढेच बोलली.

आजी म्हणाली, “उचल तो.”

काकूने उचलला नाही. मग आजी अण्णांकडे वळली. “तू बोललास तिला,” ती म्हणाली, “पण ऐकलं मी.”

माझ्या हातात साखर होती. ती खावी की टाकावी ते मला कळेना. मूठ मिटून मी तसाच बसलो. रात्री अंथरुणावर मूठ उघडली तेव्हा साखरेचा नुसता चिकटा उरला होता. तो मी चाटून खाल्ला. बारा वर्षांच्या मुलाने दुसरे काय करायचे?

त्या दिवाळीला पाडव्याच्या सकाळी आजीने चकल्यांच्या डब्याला झाकण लावले, हात पुसले, आणि कोणाला हाक मारली नाही. “यंदा सगळं माझ्याकडेच,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. सर्व महत्त्वाची खाती मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवली, असे पेपरात येते ना, ते हे. बाहेरून पाहणाऱ्याला ते बळाचे लक्षण वाटते. मी सहासष्ट वर्षांच्या त्या बाईला रोज दोनदा कोठीची पायरी चढताना आणि पायलीने तांदूळ मोजून देताना पाहिले आहे. जिच्यावर कोणी विश्वास टाकत नाही असे नव्हे, तर जिला आता कोणाला काही देता येत नाही, अशी ती दिसे.

दिल्लीतही त्या सुमारास हेच चालले होते, फक्त लांबीरुंदी मोठी. १९७८ च्या जूनअखेर चरणसिंग आणि राजनारायण मोरारजींच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९७९ च्या जानेवारीत चरणसिंग परत आले, अर्थखाते आणि उपपंतप्रधानपद घेऊन. तोल राहावा म्हणून जगजीवनराम यांनाही उपपंतप्रधान केले. एका घरात दोन उपपंतप्रधान! नानाकाकांनी ही बातमी अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने वाचली नाही. मनातल्या मनात वाचली. जुलैत ते सरकार गेले. २८ जुलैला चरणसिंग स्वतः पंतप्रधान झाले आणि २० ऑगस्टला लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर नानाकाकांनी रेडिओ ऐकणे सोडले. ज्या सरकारसाठी ते अकरा महिने येरवड्याला राहिले, ते कोणी शत्रूने पाडले नव्हते. खाती कमी पडली, मने त्याहून कमी पडली.

त्या वेळी अण्णांनी दोन शब्द बोलायला हवे होते. ते बोलले नाहीत. उलट १७ फेब्रुवारी १९८० ला, इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्यानंतर, पुलोद सरकार बरखास्त झाले, तेव्हा त्यांनी आईला बासुंदी करायला सांगितली. आईने ती केली, पण काकूच्या पोरांच्या वाट्या भरून न्यायचे धाडस तिला झाले नाही, आणि त्यांना सोडून आम्हाला वाढायचेही झाले नाही. दुसऱ्या दिवशी ती गाईच्या आंबोणात गेली.

वैशाखात गवंडी आला. माजघराच्या मधून अर्ध्या विटेची भिंत घातली. कोठी आणि देवघर आमच्याकडे आले, स्वयंपाकघर काकूकडे. आम्ही पडवीत चूल मांडली. झोपाळ्याच्या चार कड्या तुळयांना होत्या, त्यातल्या दोन इकडे राहिल्या, दोन तिकडे. झोपाळा माडीवर नेऊन उभा करून ठेवला. घड्याळ तिकडे गेले, म्हणून बापूआजोबा तिकडे गेले. आजी एक महिना इकडे, एक महिना तिकडे. ती कूस बदलायची तसे घर बदलायची. तिच्याइतके वेळा त्या भिंतीला वळसा कोणी घातला नाही. किल्ल्यांचा जुडगा तिने देवघरातल्या कोनाड्यात ठेवला होता. कोठी आमच्याकडे आली, तेव्हा तो आईने लावायला काहीच हरकत नव्हती. पण आई म्हणाली, “तिने उतरवलेला मी नाही लावायची.” कोठीला कुलूप लागले ते कधीच नाही, नुसती कडी. पुढे पुढे साखरेला मुंग्या लागत आणि ठेवणीतले डबे आम्ही पोरे दिवसाढवळ्या फस्त करीत, पण ओरडायला कोणाकडे खातेच नव्हते.

मग काळ धावला. १९८३ च्या फेब्रुवारीत वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि तेही इंदिरा काँग्रेसचे म्हणून. ज्या पक्षाशी १९७८ त त्यांचा संसार जमला नव्हता, त्याच पक्षाचे. १९८५ च्या पौषात आजी गेली. त्या महिन्यात ती तिकडे होती. दोघे भाऊ एका बाजूला उभे राहिले, खांदा दिला, तेराव्याला एका पंगतीत जेवले. आणि १९८६ च्या डिसेंबरात औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार आपल्या पक्षासह काँग्रेसमध्ये परत आले.

ती बातमी आली त्या सकाळी नानाकाका पेपर घेऊन आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत. रस्त्यावर उभे राहून त्यांनी अण्णांना हाक मारली. अण्णा उंबऱ्यात गेले.

“वाचलंस?” नानाकाका म्हणाले. “यांचं जमलं.”

“वाचलं,” अण्णा म्हणाले.

दोघेही थोडा वेळ उभे राहिले. नानाकाका हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अण्णा म्हणाले, “चहा?” आणि नानाकाका म्हणाले, “घेऊनच आलोय.” मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, मला वाटले, आता भिंत पडणार. पण तोवर तिच्यात दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकल्या होत्या, विजेची तार गेली होती, आमच्या बाजूला फडताळ बसवले होते आणि त्यांच्या बाजूला थोरल्या चुलतभावाच्या लग्नाचा रंग लागला होता. भिंत पाडायला दोघांनी एकाच दिवशी म्हणावे लागते. तो दिवस एकमेकांना विचारून ठरवण्याइतके ते बोलत नव्हते.

राजकारणातली माणसे या बाबतीत आपल्याहून बरी, असे मला पुष्कळदा वाटले आहे. हे मी उपहासाने म्हणत नाही. १९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस वेगळी झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिने काँग्रेसबरोबरच सरकार बनवले, विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. लोक हसले, पण ते सरकार चालले. २००४ त राष्ट्रवादीच्या जागा ७१ आल्या, काँग्रेसच्या ६९. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला दिले आणि त्याबदली मंत्रिपदे जास्त घेतली. त्या वेळी आमच्या सांगली जिल्ह्याकडे गृहखाते होते आर. आर. पाटलांच्या रूपाने, अर्थखाते होते जयंत पाटलांच्या रूपाने, आणि मित्रपक्षाकडून पतंगराव कदमही मंत्री. अण्णा तोवर गेले होते. नानाकाका मला म्हणाले, “आमच्या आईने पाहायला हवं होतं. एका जिल्ह्यात कोठी, चूल आणि देवघर.” मग थोडे थांबून म्हणाले, “दोन जागा जास्त असून मोठेपणा सोडला बघ. मिळालं काय ते सोड. सोडता आलं.”

त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ त, घटना दुरुस्त करून मंत्र्यांच्या संख्येला लगाम घातला होता. विधानसभेच्या पंधरा टक्क्यांहून अधिक मंत्री नकोत. आपल्याकडे २८८ च्या सभागृहाला ४३. त्याआधी नाराज माणूस आला की एक पाट वाढवता येत असे. आता पाट मोजके, जेवणारे तेवढेच. म्हणून हल्ली खातेवाटपाला जास्त वेळ लागतो. २०२२ साली ३० जूनला दोघांनी शपथ घेतली आणि विस्तार झाला तो ९ ऑगस्टला. चाळीस दिवस दोघांचेच मंत्रिमंडळ. २०२४ साली ५ डिसेंबरला मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री यांचा शपथविधी, १५ ला नागपुरात विस्तार, आणि खाती कोणाला कोणती ते कळले २१ च्या रात्री. सहा दिवस ३९ माणसे मंत्री होती आणि कशाची, ते त्यांनाच माहीत नव्हते. बापूआजोबांचा आत्मा सुखावला असेल.

त्या रात्री मी तिकडच्या बाजूला होतो, काकूकडे. तिने ऐंशी ओलांडली आहेत. नानाकाकाही गेले, आईही गेली, पोरे पुण्यामुंबईला. त्या घरात आता भिंतीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी दोन्ही बाजूंना शिरले होते, आणि ओसरल्यावर पाहिले तर गाळाची रेघ इकडे तिकडे एकाच उंचीवर उमटलेली. तेव्हा देवघराचा कोनाडा साफ करताना मला तो जुडगा सापडला, गंजाचा गोळा झालेला. मी तो रॉकेलमध्ये घालून, घासून, फडताळात ठेवला होता. पाच वर्षे मी तो तिला दाखवला नव्हता. का, ते नीट सांगता येत नाही. भीती वाटत होती.

टीव्हीवर नावे येत होती, प्रत्येकापुढे त्याचे खाते. काकूला आता कमी ऐकू येते. ती तोंडांकडे पाहते. “हा रुसलाय,” एकाकडे पाहून म्हणाली. “आणि त्याला काय मिळालं?”

मी सांगितले.

“मग हसतोय कशाला? दुसरंच हवं होतं त्याला.”

मी उठलो, भिंतीला वळसा घालून आमच्या घरी आलो, फडताळ उघडले आणि जुडगा घेऊन परत गेलो. तिच्या मांडीवर ठेवला. तिने लगेच ओळखला नाही. मग एकेक किल्ली बोटांनी चाचपू लागली, तोंडे टीव्हीवर तशीच हलत होती.

“ही पेटीची,” ती म्हणाली. “ही मोठ्या दाराची. आणि ही आतल्या फडताळाची, साखरेच्या. ही अडायची. थोडी वर उचलून फिरवावी लागे.” तिने ती अंगठ्यात आणि बोटात धरून हवेतच किंचित वर उचलली आणि फिरवली.